घरासाठी एक फोटो

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवीच्या वर्गाला इतिहासाचा प्रकल्प द्यायचा होता. बी.एड.ला असताना 'स्थानिक इतिहासाकडून देशाच्या इतिहासाकडे' हे सूत्र आम्ही पाठ केले होते. तेच वापरून पाहावे म्हणून मुलांना सांगितले, "आपल्या घरातल्या सर्वांत जुन्या माणसाचा फोटो आणा आणि त्याच्याबद्दल दहा ओळी लिहा."

आठ दिवसांनी मुलांनी जे आणले ते पाहून आम्हीच धडा शिकलो. निम्म्याहून अधिक मुलांनी मतदार ओळखपत्राची झेरॉक्स आणली होती. काहींनी आधार कार्डाची. त्या झेरॉक्समध्ये आजोबा म्हणजे एक काळा डाग आणि त्याला दोन कान. काहींनी लग्नाच्या गर्दीतल्या फोटोतून एक डोके कापून आणले होते. दोघातिघांनी हजच्या वेळचे पासपोर्ट साइझ फोटो आणले. स्टुडिओत बसून, हौसेने, घरासाठी म्हणून काढलेला फोटो चाळीस मुलांत फक्त तिघांकडे निघाला आणि तिन्ही पुरुषांचे होते. एक मुलगी कोरा कागद घेऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, दादी का फोटो नहीं है. दस लाइन लिखी हूँ." तिने खरोखरच दहा ओळी लिहिल्या होत्या आणि सगळ्या वर्गात त्याच उत्तम होत्या. पण दादी दिसत कशी होती, हे काही त्या ओळींवरून कळत नव्हते.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. फोटोची कला हिंदुस्थानात येऊन पावणेदोनशे वर्षांच्या वर झाली. मग आपल्या घरांतले चेहरे गेले कुठे?

फोटोचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला 1839 साली. थोड्याच काळात तो समुद्रमार्गे हिंदुस्थानात पोहोचला. आपल्या मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या त्यानंतरच्या, 1856 मधल्या. 1855 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या सोसायटीचे सदस्य होते, त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढत. एल्फिन्स्टनमध्ये शिकून हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे ही विद्या आपल्याकडे उशिरा आली असे म्हणायची सोय नाही. ज्या मुंबईत कोकणी, मेमन, बोहरा, खोजा मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करत होते, त्याच मुंबईत ती वाढली.

मात्र त्या काळी फोटो काढणे म्हणजे खेळ नव्हता. काचेवर ओले रसायन पसरायचे, ती काच ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत धुऊन काढायची. विजेचा उजेड नसल्याने छताला काचेचे तावदान असलेली खोली लागे. समोर बसलेल्या माणसाने काही सेकंद तरी पापणीसुद्धा हलवायची नाही. मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लोखंडी दांडा लावत, त्याचा चिमटा डोक्याला मागून आधार देई. जुन्या फोटोंतली माणसे इतकी ताठ आणि गंभीर का दिसतात, त्याचे अर्धे उत्तर त्या दांड्यात आहे. खर्चही असा की तो राजेरजवाडे, साहेब आणि शेठ यांनाच परवडे. 1854 साली पॅरिसच्या दिसदेरीने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो स्वस्त झाले आणि मध्यमवर्गाच्या घरांत शिरले.

इथे एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. फोटो दोन प्रकारचे असतात. एक, दुसऱ्याने त्याच्या कामासाठी आपला काढलेला. दुसरा, आपण आपल्या माणसासाठी काढून घेतलेला. पहिल्या प्रकारात आपला समाज भरपूर सापडतो. विल्यम जॉन्सन या इंग्रजाने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचे फोटोंचे दोन खंड छापले. त्यात मुंबईच्या रस्त्यांवर भेटणारे निरनिराळे समाज आहेत. माणसांचे फोटो आधी काढायचे, मग त्यांच्या आकृत्या दुसऱ्याच कुठल्या देखाव्यावर बसवायच्या, अशी त्याची रीत होती. माणूस एकीकडचा, पाठीमागची इमारत दुसरीकडची. पुढे 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने सरकारी आश्रयाखाली आठ खंड निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. 1857 नंतर राज्य करणाऱ्यांना रयत ओळखून ठेवायची होती. फोटोखाली बहुधा माणसाचे नाव नसून जमातीचे नाव आहे आणि त्या जमातीच्या स्वभावाबद्दल साहेबाचा शेरा आहे. कुणाचा तरी बाप, कुणाची तरी बहीण त्या पानावर आहे. पण ज्या घरातली ती माणसे, त्या घरात तो फोटो कधी पोहोचला असेल का?

या पहिल्या प्रकारातला सर्वांत दुःखद फोटो दिल्लीचा आहे. 1858 साली कैदेत असलेल्या बहादूरशाह जफर यांचा फोटो इंग्रजांनी काढला. ऐंशी ओलांडलेला म्हातारा बादशहा बिछान्यावर टेकून बसला आहे, जवळ हुक्का आहे आणि डोळ्यांत काहीच उरलेले नाही. मोगल घराण्यातल्या तख्तावर बसलेल्या कोणाचाही दुसरा फोटो नाही. हुमायून, अकबर, शाहजहान यांच्या तसबिरी त्यांच्या पदरच्या चित्रकारांनी काढल्या. जफर यांच्या वाट्याला आला तो जिंकणाऱ्याचा कॅमेरा. 7 नोव्हेंबर 1862 रोजी ते रंगूनमध्ये वारले आणि त्यांची कबर मुद्दाम बेनिशाण ठेवण्यात आली. तीही सापडली थेट 1991 साली.

याच सुमारास लखनऊला मात्र दुसऱ्या प्रकारचे काम चालले होते, आणि करणारा मुसलमान होता. हुसैनाबाद इमामबाड्याचे दारोगा अहमद अली खान, लोक त्यांना छोटे मियाँ म्हणत. 1857 च्या आधीच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी लखनऊमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांचे, त्यांच्या बायकामुलांचे फोटो काढले. मग बंड झाले. ज्यांचे फोटो काढले होते त्यांतले अनेक जण वेढ्यात मेले. खुद्द अहमद अली बंडवाल्यांच्या बाजूला होते. पण विलायतेतल्या घरांना आपल्या मेलेल्या मुलाचा, सुनेचा, नातवाचा चेहरा पुन्हा पाहायला मिळाला तो या दारोग्याच्या हातून. ते आल्बम आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शत्रूच्या घरालाही फोटो उपकारासारखा वाटावा, असे हे उदाहरण आहे. लखनऊच्याच दारोगा अब्बास अली यांनी पुढे 1874 मध्ये शहराच्या इमारतींचा आल्बम छापला आणि 1880 मध्ये अवधच्या राजे-तालुकदारांचा. अशा जुन्या छायाचित्रांचा मोठा संग्रह पुढे ज्यांनी जमवला, ते नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी जन्माने आपल्या पुण्याचे, 1925 सालचे. त्यांचा इंतकाल 2020 मध्ये झाला.

मग वाचक विचारतील, छोटे मियाँसारखे उस्ताद आपल्यात असताना आपल्या भिंती कोऱ्या का राहिल्या? पहिले उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. दीन. प्राणिमात्रांची चित्रे काढणाऱ्यांबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आहेत आणि आपल्या वाडवडिलांनी ते मनापासून मानले. गंमत अशी की, भिंतीवर चौकटीत लावलेल्या चित्राला मराठीत जो 'तसबीर' हा शब्द आहे, तो अरबी 'तस्वीर'च. शब्द आपल्या मार्गाने मराठी घरांत गेला आणि वस्तू मात्र आपल्याच घराबाहेर राहिली. फोटोला तो हुकूम लागू होतो की नाही यावर शंभर वर्षे चर्चा चालू आहे. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी असे मांडले की, फोटो काढणारा काही घडवत नाही, तो फक्त पडलेली सावली धरून ठेवतो, आरशातल्या प्रतिमेसारखी. हिंदुस्थानातल्या अनेक बड्या आलिमांना हे पटले नाही आणि गरजेपुरताच फोटो जायज, असे त्यांनी सांगितले. दुसरीकडे 1912 मध्ये मौलाना आझादांनी कलकत्त्याहून 'अल-हिलाल' सुरू केले, त्यात फोटो छापलेले असत. आम्ही शाळामास्तर आहोत. फतवा देणे आमचे काम नाही आणि ज्यांचे मन फोटोला राजी होत नाही त्यांच्याशी आमचा वाद नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात सरकारसाठी काढलेले पाच फोटो आहेत. 'गरज' म्हणून जे आपण मान्य केले, त्या गरजेत घराची आठवण बसते की नाही, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

दुसरे उत्तर पडद्याचे. परक्या पुरुषापुढे चेहरा उघडा करून बसायचे कसे? या अडचणीवर आपल्याच मुलुखात, म्हणजे मराठवाडा ज्या निजाम राज्यात होता तिथे, 1892 साली तोड निघाली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. लाला दीनदयाळ (1844–1905) हे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीला इंजिनिअरिंग शिकून इंदूरला नोकरीला लागले आणि पुढे सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. एका हिंदू कलाकाराला मुसलमान राजाने दिलेला हा किताब 'तस्वीर' याच धातूपासून झालेला! या दीनदयाळांनी 1892 मध्ये हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. तिथे सगळा कारभार केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती होता. उंच भिंतींच्या आड पडदानशीन स्त्रिया येत आणि पुरुषाची नजर न पडता फोटो काढून घेत. पडदाही राहिला आणि चेहराही राहिला. अर्थात, तिथे आल्या त्या उमरावांच्या बेगमा. औशाच्या, अंबाजोगाईच्या, जिंतूरच्या साध्या घरांतल्या बायकांना त्याचा पत्ताही नव्हता.

तिसरे उत्तर साधे आहे आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठे आहे. पुढच्या वर्षी काढू. आपण पुढच्या वर्षावर टाकले.

हे आम्ही आमच्या घरावरून सांगतो. आमचे आजोळ औशाजवळच्या एका खेड्यातले. तेव्हा ते निजाम राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आज लातूर जिल्ह्यात आहे. 1946 साली नाना-नानी गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाज यांच्या उरसाला गेले होते. तिथे तंबू ठोकून एक फोटोवाला बसला होता. मागे रंगवलेला पडदा, पुढे एक खुर्ची. नानी सांगत, नाना तंबूपुढे बराच वेळ घुटमळले, भाव विचारला आणि म्हणाले, "अगले साल बच्चों को लेके आयेंगे, सबका मिलके निकालेंगे." पुढचे वर्ष गडबडीत गेले. त्याच्या पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1948 मध्ये, पोलीस अ‍ॅक्शन झाली.

त्या दिवसांबद्दल आपल्या लोकांत कुजबुजीतच बोलले जाते. रझाकारांच्या जुलमाने होरपळलेली माणसे होती, त्यांचा राग होता, आणि तो राग ज्यांनी काही केले नव्हते त्यांच्यावरही उतरला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीत काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे सदस्य होते. या समितीने 1948 च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. मृतांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे घेतली. त्याच जिल्ह्यांत समितीला मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणारे हिंदूही भेटले. हा अहवाल अनेक दशके दडून राहिला. नाना त्या सप्टेंबरच्या अखेरीस घरातून गेले ते परत आले नाहीत. कबरही नाही. आमची अम्मी तेव्हा पाळण्यात होती, नानींचा चिल्लाही पुरा झाला नव्हता.

अम्मीने वडिलांचा चेहरा कधी पाहिला नाही. लहानपणी ती नानींना विचारी, "अब्बा कैसे दिखते थे?" नानी सांगत, रंग गव्हाळ, नाक सरळ, हसले की डाव्या गालाला खळी. मोठ्या मामूंना विचारले की ते म्हणत, खळी उजव्या गालाला होती. मामू तेव्हा सहा वर्षांचे होते. दोघांचेही नानांवर जीव ओवाळून टाकावा असे प्रेम होते. तरी वीस वर्षांत खळी गाल बदलते. प्रेम कमी पडले म्हणून चेहरा गेला, असे कोणी म्हणू नये. सांगणारे थकत जातात आणि चेहरा त्यांच्याबरोबर जातो.

नानींना पुढे कितीदा सांगितले तरी त्या फोटोला बसायच्या नाहीत. म्हणत, "जिनका निकालना था उनका निकाले नई. अब मेरा निकालके क्या करते?" 1986 साली मामूंबरोबर हजला जायचे ठरले, तेव्हा नाइलाज झाला. अर्जाला फोटो हवा होता. लातूरच्या एका स्टुडिओत नेले. स्टुडिओवाले काका हिंदू होते, वयाने नानींच्या बरोबरीचे. त्यांनी पासपोर्ट साइझ फोटो घेतले. मग कॅमेऱ्यामागचा काळा कपडा बाजूला करून म्हणाले, "खाला, हे सरकारचे झाले. आता एक घरचा काढू." नानी उठायला लागल्या. काकांनी घाई केली नाही. दिवे बंद करून त्यांनी चहा मागवला, हजच्या जहाजाबद्दल विचारले. मुंबईहून जिद्द्याला जहाजे तेव्हा जात असत, ती 1995 साली बंद झाली. जहाज किती दिवस लागते, समुद्र लागला तर काय करायचे, असे बोलता बोलता एक दिवा बाजूला सरकवला, पदर नीट करायला अम्मीला सांगितले आणि नानींचे लक्ष नाही असे पाहून खटका दाबला.

तो फोटो आज आमच्याकडे आहे. पासपोर्टच्या फोटोत नानी घाबरलेल्या दिसतात, गुन्हा केल्यासारख्या. घरच्या फोटोत त्या ऐकत आहेत. डोके किंचित कललेले, ओठ बोलायच्या बेतात, उजवा हात मांडीवर आणि त्या हाताची जरा वाकडी करंगळी, जी विहिरीच्या रहाटात सापडली होती. दोन्ही फोटो एकाच दिवशी, एकाच खुर्चीत, दहा मिनिटांच्या अंतराने निघालेले. आमचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. 2003 मध्ये नानी गेल्या तेव्हा आम्ही सोळा वर्षांचे होतो. आज आमच्या मुलीने विचारले, "परनानी कैसी थी?" तर आम्हाला गाल आठवावा लागत नाही.

म्हणूनच आम्ही चांगल्या फोटोग्राफरचे महत्त्व मानतो. फोटो मोबाइलवरही निघतो. पण माणूस ज्या क्षणी आपल्यासारखा दिसतो त्या क्षणाची वाट पाहणे हा धंद्याचा भाग आहे, आणि उजेड कोणत्या बाजूने घेतला म्हणजे म्हाताऱ्या चेहऱ्याच्या सुरकुत्या त्याचे वैरी होत नाहीत, ही विद्या आहे. पूर्वीचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने टचिंग करत, त्यात दिवस घालवत. मुंबईत दादरला 1948 साली कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी इंडिया फोटो स्टुडिओ काढला. फाळणीत घर गमावून आलेल्या या माणसाने सिनेमातल्या नट-नट्यांचे असे फोटो काढले की तेच चेहरे लोकांच्या मनात ठसले. नर्गिस, दिलीपकुमार यांना मिळालेला हा उजेड आपल्या दादी-नानींना का मिळू नये?

फोटो असण्याचा आणखी एक उपयोग अलीकडे आपल्याला कडू रीतीने कळला. सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी फातिमा शेख यांचे नाव आपल्या शाळांत आपण अभिमानाने घेतो. 9 जानेवारी 2022 ला गूगलनेही त्यांचे चित्र लावले होते. जानेवारी 2025 मध्ये समाजमाध्यमावर एका लेखकाने असा दावा केला की फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, ते आपणच रचलेले पात्र आहे. आमच्या वर्गातल्या मुलींनी विचारले, "सर, फातिमा बी सच में थीं ना?" तेव्हा आम्ही दोन गोष्टी दाखवल्या. एक, 10 ऑक्टोबर 1856 चे सावित्रीबाईंनी जोतिबांना लिहिलेले पत्र. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या आणि 1988 मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात ते आहे. आजारपणामुळे माहेरी गेलेल्या सावित्रीबाई त्यात काळजी करतात की फातिमेवर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तो जुना फोटो, ज्यात सावित्रीबाईंशेजारी बसलेली बाई फातिमा म्हणून ओळखली जाते. दावा करणाऱ्याच्या जन्माआधी शंभर-सव्वाशे वर्षे लिहिलेले ते पत्र एकटेच पुरेसे आहे. फोटोची ताकद वेगळी. पत्र वाचून मुलींनी मान डोलावली, पण फोटो पाहून त्या गप्प झाल्या. एकजण जवळ येऊन म्हणाली, "ये तो अपने जैसी दिखती हैं."

पण याच फोटोत एक उणीव आहे, आणि तिच्यापासूनही शिकायला हवे. तो कोणी काढला, कोणत्या साली, कोण कोठे बसले आहे, हे त्याच्या पाठीवर त्याच वेळी कोणी लिहून ठेवले असते तर ओळखीबद्दल वाद घालायला जागाच राहिली नसती. नाव नसलेला फोटो तिसऱ्या पिढीत 'कोणीतरी' होतो. मग तो आपण काढलेला असूनही 'पीपल ऑफ इंडिया'च्या पानासारखाच होतो.

सरकारनेही आपल्याला फोटोची सवय लावली, हे खरे. ऑक्टोबर 1952 मध्ये हिंदुस्थान-पाकिस्तान प्रवासाला पासपोर्ट आला, तेव्हा भावाबहिणींना भेटायला जाणाऱ्या किती बुजुर्गांनी आयुष्यातला पहिला फोटो काढला असेल. 1993 पासून मतदारांची फोटो ओळखपत्रे आली. या कागदांची आज किती किंमत आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ते जपलेच पाहिजेत. पण हे फोटो विचारतात, 'तू कोण, पुरावा दे.' घरचा फोटो असे काही विचारत नाही. तो आपल्याला ओळखतो.

आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. आपण बिर्याणीचे फोटो काढतो. मोबाइल पाण्यात पडला की पाच वर्षे पाण्यात जातात. जुने स्टुडिओ तर बंदच पडत आहेत. कलकत्त्याचा बोर्न अँड शेफर्ड, जगातल्या सर्वांत जुन्या स्टुडिओंपैकी एक. 1991 च्या आगीत त्याचा मोठा संग्रह जळाला आणि 2016 मध्ये त्याचे दार कायमचे मिटले. आपल्या तालुक्याच्या गावातला स्टुडिओवाला म्हातारा झाला असेल, त्याच्या माळ्यावर आपल्याच वाडवडिलांच्या निगेटिव्ह धूळ खात पडल्या असतील. भंगारात जाण्याआधी एकदा जाऊन विचारावे.

आमच्या शाळेत मागच्या वर्षी पालक मेळाव्याला आम्ही एक छोटी गोष्ट केली. गावातल्या फोटोग्राफरशी बोललो. तो आमचाच जुना विद्यार्थी. ग्रंथालयाच्या खोलीत खिडकीजवळ एक खुर्ची ठेवली आणि सांगितले, ज्यांच्या घरी बुजुर्ग आहेत त्यांनी घेऊन यावे. बायकांसाठी खोली वेगळी ठेवली. तिथे त्याच्या बायकोने कॅमेरा धरला, तीही त्याच्याकडूनच शिकलेली. दीनदयाळांची युक्ती एकशे तीस वर्षांनी आमच्या कामी आली. फोटोंचे पैसे शिक्षकांनी वर्गणी करून दिले. ज्यांना फोटो नको होता त्यांनी चहा घेतला आणि दुआ दिली, त्यांना कोणी आग्रह केला नाही. कागदावर छापलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर मुलांनी पेन्सिलीने लिहिले: नाव, गाव, साल आणि कोणाची कोण. शाई फुटते, पेन्सिल टिकते. चिकट प्लॅस्टिकच्या आल्बमात घालू नका, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, एवढे बजावले.

कोरा कागद घेऊन उभी राहिलेली ती मुलगी आता दहावीत आहे. तिच्या दादीला येणे झाले नाही. त्या त्याआधीच्या रमजानमध्ये गेल्या. मुलगी आपल्या नानीला घेऊन आली होती. नानी खुर्चीत बसायला लाजत होत्या, म्हणाल्या, "अगली बार बेटा, आज कपड़े अच्छे नहीं हैं."

मुलीने आमच्याकडे पाहिले. मग नानीचा हात धरून तिने त्यांना खुर्चीत बसवले आणि आपली ओढणी त्यांच्या खांद्यावर नीट पसरून दिली.